दहाच्या आतले कारखाने

भिवंडीत यंत्रमाग किती आहेत, हा प्रश्न वरकरणी साधा दिसतो. परंतु ज्या ज्या खात्याने तो आजवर विचारला, त्या त्या खात्याच्या पदरात निराळेच उत्तर पडत आले आहे. परवाने देणाऱ्याने परवान्यांची बेरीज सांगितली, कर वसूल करणाऱ्याने करपात्र मागांची सांगितली, वीज पुरवणाऱ्याने जोडण्यांची सांगितली, आणि व्यापाऱ्याने अंदाजाने काही लाखांचा आकडा सांगून विषय मिटवला. या आकड्यांचा मेळ घालीत बसण्याची माझी इच्छा नाही. हा मेळ का बसत नाही, एवढेच पाहावयाचे आहे. एखाद्या धंद्याकडे सरकारचे लक्षच नसेल, तर त्याची कागदोपत्री नोंद सापडू नये हे समजण्यासारखे आहे. परंतु जेथे पाऊण शतकाहून अधिक काळ दप्तरावर दप्तर चढत गेले, समित्या बसल्या, हुकूम निघाले आणि दाखल्यांवर शिक्के उमटत राहिले, तेथे माग चालवणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचे छप्पर, त्याच्या डोळ्यांसमोरून धावणारा धोटा आणि त्याच्या छातीत उतरणारी कापसाची धूळ यांची नोंद मात्र धडपणे कोणत्याच वहीत पडू नये, याचे कारण शोधायला हवे. आणि ते कारण शोधताना आपल्याला भिवंडीबाहेर, काही वेळ तर जमीन सोडूनही, जावे लागणार आहे.

कामवारी नदीच्या काठी वसलेले आणि खाडीच्या पाण्याने ठाण्या-कल्याणाशी जोडलेले हे गाव इतिहासाला कल्याणच्या जोडीनेच ठाऊक आहे; १६५७ साली शिवाजी महाराजांनी ही दोन्ही ठाणी आदिलशाही अंमलातून घेतली, तेव्हापासून ‘कल्याण-भिवंडी’ असा जोड उच्चार बखरींपासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत चालत आला आहे. एकोणिसाव्या शतकात येथे भाताचा व्यापार होता, कोकणी मुसलमानांची जुनी नांदती घराणी होती आणि हातमागावर लुगडी विणणारे विणकरही होते. १८५७ च्या उठावानंतर आझमगड, मऊ, बनारस या बाजूंचे मोमिन विणकर परागंदा होऊन दक्षिणेकडे सरकले. त्यांतले काही मालेगावी थांबले, काही भिवंडीपर्यंत आले. पुढे तेलंगणातून पद्मशाली आले आणि त्यांच्या वस्तीचे पद्मनगर झाले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, तो संस्थानिकांच्या आश्रयाखाली. भिवंडीच्या यंत्रमागांना असा कोणाचाही आश्रय नव्हता. ते आले १९३० नंतरच्या दशकात, विजेच्या तारांच्या मागोमाग, आणि आले तेही बव्हंशी मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. गिरणगावातल्या एखाद्या शेडमध्ये तीस-चाळीस वर्षे राबलेला लँकेशायरचा माग भंगाराच्या भावाने विकत घ्यावा, त्याचे झिजलेले दाते ओतीव कामाने नवे करावेत, आणि राहत्या घराच्या तळमजल्यावर पक्क्या जमिनीत खिळवून तो आणखी तीस-चाळीस वर्षे चालवावा, असा येथला प्रघात पडला. काटकसरीचा आणि कारागिरीचा असा संयोग क्वचित पाहायला मिळतो. त्याचे कौतुक केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल.

परंतु या जुन्या मागात एक गोष्ट नव्हती, आणि तिच्या अभावावरच पुढचे पुष्कळ अवलंबून आहे. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्याचे मर्म त्याच्या वेगात नव्हते. ताण्याचा एखादा धागा तुटला किंवा बाण्याची कांडी संपली, तर हा माग आपण होऊन थांबत असे, किंवा आपण होऊन कांडीसह धोटा बदलत असे. लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स या बलाढ्य पेढीने १९२९ साली या मागाचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले, आणि तोयोदा कुटुंबाने पुढे मोटारी बनवायला घेतल्या, तेव्हा ‘दोष दिसताच यंत्राने थांबले पाहिजे’ हे मागाचे तत्त्व मोटारीच्या कारखान्यातही नेले. भिवंडीचा साधा माग त्याआधीच्या पिढीतला. त्यात ताण्याचा धागा तुटला, तर माग थांबत नाही. कारागिराच्या नजरेला ते दिसते, त्याचा हात मुठीकडे जातो आणि मग माग थांबतो. म्हणजे यंत्राने करावयाची राखण येथे माणसाचे डोळे करीत आले.

मुंबईच्या गिरण्यांतून एका विणकराकडे दोन माग असावेत असा जुना रिवाज होता; तो मोडून तीन माग देण्याच्या योजनेवरून, इतर कारणांच्या जोडीने, १९२८ साली सबंध गिरणगाव सहा महिने संपावर गेले. तेच माग खाडी ओलांडून भिवंडीत आले, तेव्हा एका कारागिराकडे चार, पुढे सहा आणि क्वचित आठही असू लागले, त्यांत राखणीची नवी सोय कोणतीही न होता. आणि त्यासाठी कोणी एक दिवसही संप केल्याचा बोभाटा झाला नाही. गिरणीत संघटना होती, येथे गाव सोडून आलेला माणूस होता.

आता दप्तराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली कापड व सूत यांवर नियंत्रण ठेवणारा हुकूम निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी मुंबईत वस्त्रोद्योग आयुक्तांची कचेरी उघडण्यात आली. युद्ध संपले, साम्राज्य गेले, पण कचेरी राहिली. सरकारी कचेऱ्यांचे आयुष्य त्यांच्या कारणांच्या आयुष्यापेक्षा नेहमीच दीर्घ असते. स्वातंत्र्यानंतर प्रश्न असा उभा राहिला की, देशाला लागणारे वाढीव कापड कोणी विणावे. १९५४ साली नित्यानंद कानुनगो यांच्या समितीने सांगितले की, हातमागाचे क्रमाक्रमाने यंत्रमागात रूपांतर व्हावे; त्याच्या पुढच्याच वर्षी दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या समितीने हातमागाची आणि ग्रामीण रोजगाराची बाजू उचलून धरली. गिरण्यांनी माग वाढवू नयेत, हे मात्र ठरले. गिरणी बांधली गेली, हातमागाला सरकारी सवलतींचा टेकू मिळाला, आणि या दोहोंच्या मधल्या फटीतून जो वाढला तो या दोन्ही पक्षांपैकी कोणी मनापासून न मागितलेला भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग. परवान्यावाचून तो बसवणे गुन्हा होता. तरीही तो बसत गेला, आणि काही वर्षांनी बसलेले माग नियमित करून घेण्याची पाळी सरकारवर येत गेली. १९६४ साली अशोक मेहता समितीने आणि १९७४ साली शिवरामन समितीने हाच प्रश्न नव्याने उकलून पाहिला. १९८५ च्या वस्त्रधोरणाने परवान्यांचा फास सैल केला. पण त्याच वर्षी हातमागासाठी २२ प्रकारचे कापड राखून ठेवणारा कायदाही संमत झाला, म्हणजे एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने खिडकीला कडी घातली.

या सगळ्या व्यवहारातला सर्वांत परिणामकारक हुकूम मात्र कोणत्याही समितीच्या मथळ्यात नव्हता. यंत्रमागाच्या कापडावर अबकारी कर बसवताना, लहान माणसाला झळ लागू नये म्हणून, चार किंवा त्याहून कमी माग असणाऱ्याला सूट देण्यात आली. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु ज्याच्याकडे वीस माग होते त्याने एका रात्रीत आपल्या शेडची कागदोपत्री वाटणी केली: चार स्वतःच्या नावावर, चार पत्नीच्या, चार धाकट्या भावाच्या, चार मेहुण्याच्या, आणि उरलेले चार एखाद्या विश्वासू मेहत्याच्या, म्हणजे कारकुनाच्या, नावावर. भिंत एक, पट्टा फिरवणारी मोटर एक, जेवणाची पंगतही एकच. मालक मात्र पाच. हिंदू असो की मुसलमान, एकत्र कुटुंबाची वाटणी इतक्या गोडीगुलाबीने होताना दुसरीकडे कोठे पाहायला मिळणार नाही.

याच जातीची दुसरी रेषा कारखान्यांच्या कायद्यात होती, आणि तिचा इतिहास अधिक जुना व अधिक उद्बोधक आहे. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. यंत्राभोवती कुंपण घाला आणि सात वर्षांखालचे मूल कामाला लावू नका, एवढे सांगणारा पहिला कायदा येण्यास १८८१ साल उजाडावे लागले. आणि तो कायदा लागू होता शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यालाच. तो अपुरा आहे हे ज्यांनी ओळखले आणि गिरणीतल्या माणसांच्या सह्या जमवून सरकारच्या दारात नेले, ते नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’चे संपादक होते. १८९१ च्या कायद्याने शंभराची मर्यादा पन्नासावर आणली. १९२२ साली ती वीस झाली. १९४८ साली, विजेवर चालणाऱ्या कारखान्यापुरती, दहा. सदुसष्ट वर्षांत हा आकडा शंभरावरून दहावर उतरला, ही लोखंड्यांनी सुरू केलेल्या वाटेवरची मोठीच मजल म्हटली पाहिजे.

परंतु भिवंडीला जो आकडा कळला तो ‘दहा’ नव्हे, ‘नऊ’. उदाहरणादाखल हिशेब करून पाहावा: एका कारागिराकडे सहा माग धरले, तर चोवीस मागांना दिवसपाळीत चार आणि रातपाळीत चार, मिळून आठ माणसे पुरतात, नववा कांड्या भरणारा कांडीवाला, जॉबर दहा ठिकाणची दुरुस्ती पाहतो म्हणून कोणाच्याच हजेरीत नसतो, आणि कापड मोजून घेणारा मेहता तर मालकाच्या घरचाच. चोवीस मागांचा धडधडणारा कारखाना कायद्याच्या दृष्टीने अशा रीतीने कारखानाच राहत नाही. तेथे कारखाना निरीक्षकाला येण्याचे कारण नाही, अपघाताची वर्दी देण्याची सक्ती नाही, पाळी आठ तासांची असावी असा आग्रह नाही. पाळी बारा तासांची असते आणि मजुरी विणलेल्या कापडावर ठरते. याच कायद्याच्या पंच्याऐंशीव्या कलमाने, माणसे कितीही कमी असली तरी, एखादी जागा कारखाना म्हणून जाहीर करण्याचा अधिकार राज्य सरकारच्या हाती दिलेला होता. पण अखत्यार असणे आणि तो शेडच्या दारापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते.

त्या दारातून आत गेलेल्या माणसाला पहिल्यांदा काही दिसत नाही, कारण ऐकण्यातच त्याची सगळी शक्ती खर्च होते. साधा माग दर मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फणी आपटतो आणि तितक्याच वेळा लाकडी धोटा, टोकाला पोलादी अणी बसवलेला, एका पेटीतून दुसऱ्या पेटीत फेकतो. असे चोवीस माग एका छपराखाली असले की, शेजारच्या माणसाशी बोलायचे ते खुणांनी किंवा कानाशी तोंड नेऊन; आणि बोलणे ऐकू येईनासे होण्याची ही सवय पुढे शेडबाहेरही सोबत करते. धोट्याची दिशा चुकली तर तो पेटीत न जाता बाहेर उडतो. कोणाच्या छातीला, कोणाच्या दातांना आणि दैव फिरले तर कोणाच्या डोळ्याला लागतो. विलायतेत धोट्याच्या वाटेवर लोखंडी दांडीची आडकाठी बसवण्याची सक्ती फार पूर्वीच झाली होती; आमच्या मागांवर ती मूळची असली तरी दुरुस्तीच्या वेळी आड येते म्हणून काढून ठेवलेली पुष्कळदा आढळते. जेवण भिशीत, म्हणजे सामाईक खानावळीत, झोप पाळीपाळीने एकाच खोलीत, एक उठला की दुसरा त्याच जागी. आझमगडचा किंवा करीमनगरचा हा कारागीर ज्या मालकासाठी विणतो, तोही अनेकदा सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या मजुरीवर चालतो; त्यामुळे अपघात झाल्यावर जबाबदार कोण, हे शोधू लागलेला माणूस व्यापाऱ्याकडून मालकाकडे, मालकाकडून ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून शेवटी जखमी कारागिराकडेच परत येतो.

येथे मी वाचकाला थोडा वेळ आकाशात नेणार आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर आपले लहानसे विमान उतरवले, आणि अवघ्या दोन वर्षांत, १९३४ साली, या देशात विमानांचा कायदा झाला. १९३७ साली त्याखालचे सविस्तर नियम झाले. गिरणी ते गिरणीचा कायदा या प्रवासाला सत्तावीस वर्षे लागली, टपालाचे विमान ते विमानाचा कायदा या प्रवासाला दोन, ही तफावत बोलकी आहे; पण त्याहून बोलकी आहे ती या नियमांची घडण. विमानात किती माणसे बसतात यावर तेथे कायद्याचा आरंभ होत नाही. एका माणसाचे विमान असो की चारशेंचे, त्याला नोंदणीचे अक्षर हवे, उड्डाणयोग्यतेचा दाखला हवा, प्रत्येक दुरुस्ती वहीत उतरली पाहिजे आणि त्याखाली परवानाधारक अभियंत्याची सही पडली पाहिजे. कायद्याने येथे माणसे मोजली नाहीत, यंत्राचा धोका मोजला. आणि धोका मोजायचा म्हटल्यावर ‘नऊ’ आणि ‘दहा’ यांत काही फरक उरत नाही. याचे श्रेय कायदेपंडितांच्या दूरदृष्टीला द्यावे, की विमानातून मंत्री, संपादक आणि उद्योगपती प्रवास करतात या वस्तुस्थितीला द्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझा कल दुसरीकडे आहे.

यंत्र अपघात होऊ देत नाही असा मात्र याचा अर्थ नव्हे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० जातीचे विमान बंगळूरच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ जणांपैकी ९२ मृत्यू पावले. हे विमान त्या काळी जगातल्या अत्यंत स्वयंचलित विमानांपैकी एक होते. धावपट्टी जवळ येत असताना त्याची एंजिने मंद गतीवर ठेवणारी उतरण्याची पद्धत चालू राहिली, वेग घटत गेला, आणि वैमानिकांना ते उमगून त्यांनी एंजिनांना जोर देईपर्यंत वेळ निघून गेली होती. यंत्राने त्याला सांगितले होते तेच केले. काय सांगितले गेले आहे, याकडे वेळीच पाहणारे डोळे त्या क्षणी दुसरीकडे गुंतले होते. स्वयंचलन डोळ्यांचे काम संपवते असे आपण समजतो. वस्तुतः ते काम बदलते, आणि कधी कधी अधिक कठीण करते. न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्यापुढे या अपघाताची चौकशी झाली, आणि त्या जातीची देशातली सगळी विमाने काही महिने जमिनीवर ठेवण्यात आली.

दुसरा अपघात आपल्या अधिक जवळचा, आणि त्यात कापूसही आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले बोइंग ७३७ धावपट्टीच्या शेवटाला उशिरा आणि अगदी कमी उंचीवर उचलले गेले. धावपट्टीच्या टोकापासून चारशे-सव्वाचारशे फुटांवरून बीडचा रस्ता जातो. त्या रस्त्यावरून त्या वेळी दाबलेल्या कापसाच्या गाठी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डावे एंजिन त्या गाठींवर आदळले, पुढे विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागून विमान शेतात कोसळले, आणि ११८ जणांपैकी ५५ दगावले. चौकशीने दोष दोन ठिकाणी ठेवला: वैमानिकांनी विमान उशिरा व चुकीच्या रीतीने उचलले; आणि उड्डाणाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित ठेवण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने कसूर केली.

या दुसऱ्या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. रस्ता तेथे काल आलेला नव्हता. धावपट्टी, रस्ता, त्यावरून जाणारे उंच भरलेले ट्रक, उन्हाळ्यातली विरळ हवा, यांतली कोणतीही गोष्ट कोणाच्याही माहितीबाहेरची नव्हती. प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या खात्याच्या कागदावर होती. नव्हते ते एवढेच की, हे सगळे कागद एका मेजावर ठेवून पाहण्याचे काम त्या दुपारपर्यंत कोणी पार पाडले नव्हते. एवढे मात्र खरे की, अपघातानंतर ‘का’ हा प्रश्न विचारणारी एक स्वतंत्र रीत विमानांच्या जगात होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिले आहे की, अपघाताची चौकशी ही पुढचा अपघात टाळण्यासाठी असते, दोषी ठरवण्यासाठी नव्हे. आपल्याकडे नियम करणाऱ्या खात्याकडेच चौकशीही असे. २०१२ साली तिच्यासाठी निराळी शाखा स्थापन करून ती गाठ सोडवण्याचा प्रयत्न झाला. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान पडून २६० माणसे गेली, तेव्हा एका महिन्याच्या आत प्राथमिक अहवाल सर्वांना वाचायला मिळाला. तो अपुरा आहे, त्याने शंका वाढवल्या, असे पुष्कळांनी म्हटले. पण म्हणण्यासाठी त्यांच्या हातात कागद तरी होता.

भिवंडीतली माणसे पडझडीने आणि आगीने गेली, त्या प्रत्येक वेळी प्रश्न विचारला गेला तो ‘कोण’ हा. आणि तो विचारला फौजदाराने. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे घेतला न जाताच विरला. गिरण्यांचे विणकाम भिवंडीकडे वळले, आणि त्या लाटेवर हे गाव वाट्टेल तसे वाढले. मागांसाठी शेड आणि माणसांसाठी खोल्या यांची मागणी एकाच वेळी आली. खाली माग किंवा गोदाम आणि वर भाडेकरू, दोन मजल्यांच्या पायावर तिसरा, तिसऱ्यावर पत्र्याचा चौथा, अशी बांधकामे त्या काळात उठली. त्यांतल्या कित्येकांना नकाशा मंजूर करून घेण्याची आवश्यकता वाटली नाही. १९७० आणि १९८४ या दोन वर्षांच्या दंगलींनी वस्त्या अधिकच दाट आणि कोंदट केल्या. मुंबईची जकात चुकवण्यासाठी वेशीबाहेर उभ्या राहिलेल्या गोदामांनी पुढे काल्हेर, पूर्णा, मानकोलीपर्यंतची भातशेते व्यापली. आज देशभरच्या घरपोच मालाचा मोठा हिस्सा तेथून फुटतो. पण तो विषय स्वतंत्र आहे.

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, लोक झोपेत असताना, धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली. चाळिसाच्या आसपास माणसे दगावली, त्यांत लहान मुले बरीच होती. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची बांधणी सुस्थितीत असल्याचा दाखला तज्ज्ञाकडून घेतला पाहिजे, असे महानगरपालिकांचा कायदा सांगतो. या इमारतीला पूर्वीच नोटीस दिलेली होती, असे नंतर समजले. नोटीस ही आमच्या राज्यकारभारातली मोठी सोयीची वस्तू आहे. ती दिली की देणारा मोकळा होतो. घेणाऱ्याला जायला दुसरी जागा नसते, म्हणून तो ती घडी घालून ठेवतो. आणि दुर्घटना घडली की तीच नोटीस पुरावा म्हणून दोन्ही बाजूंनी पुढे येते. जिलानीनंतर अधिकारी निलंबित झाले, मालकावर गुन्हा दाखल झाला, मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत बेकायदा व धोकादायक बांधकामांविषयी सविस्तर निकाल दिला. परंतु ती इमारत त्याच रात्री का पडली, आजूबाजूच्या तशाच इमारती का उभ्या राहिल्या, आणि अहोरात्र आपटणाऱ्या फण्यांचा हादरा जुन्या भिंतींना वर्षानुवर्षे बसत राहिला तर काय होते, याचा अभियांत्रिकी तपशील सांगणारा, भाडेकरूलाही वाचता येईल असा अहवाल विमानाच्या अहवालासारखा लोकांसमोर आलेला नाही.

इतक्यात कायद्यातला तो जुना आकडा पुन्हा हलला आहे, पण उलट दिशेने. महाराष्ट्राने २०१५ साली विजेवरच्या कारखान्याची मर्यादा दहावरून वीस केली, आणि २०२० साली संसदेने केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही वीसच आहे. लहान उद्योगाला निरीक्षकाच्या जाचातून सोडवावे, हा त्यामागचा युक्तिवाद आहे. निरीक्षकांचा जाच नसतो असे म्हणण्याचे धाडस भिवंडीत तरी कोणी करणार नाही. पण जो कारखाना काल नऊ माणसांवर थांबत असे, त्याला आता एकोणिसांवर थांबता येईल, म्हणजे त्याच छपराखाली आणखी वीस-पंचवीस माग सहज बसतील, एवढाच त्याचा येथला व्यावहारिक अर्थ. दुसरीकडे वस्त्रोद्योग खात्याने जुन्या साध्या मागांवर ताणा तुटताच माग थांबवणारी आणि गतिरोध करणारी उपकरणे बसवण्यास अनुदान दिले. तोयोदांची शंभर वर्षांपूर्वीची युक्ती अशी अखेर भिवंडीच्या दारी आली, तीही कापडातले दोष कमी व्हावेत म्हणून. ज्यांना परवडले त्यांनी धोटा नसलेले, हवेच्या झोताने बाणा फेकणारे माग आणले. त्यांत उडायला धोटाच नाही, पण एक माणूस आता आणखी पुष्कळ माग पाहतो.

एवढ्या लहान लहान शेडपर्यंत सरकारची नजर पोहोचणेच अशक्य आहे, असे उत्तर यावर नेहमी मिळते. ते ऐकताना मला २००७ ची आठवण होते. त्यापूर्वी भिवंडीला पुरवलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक हिशेबाबाहेर जात असे. चोरी किती, गळती किती आणि थकबाकी किती, हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि भिवंडीत मीटरचे वाचन होऊ शकत नाही अशीच सर्वांची समजूत होती. त्या वर्षीच्या २६ जानेवारीपासून वीजमंडळाच्या वारसदार कंपनीने येथले वितरण टोरंट या खाजगी कंपनीकडे मक्त्याने दिले. देशातला असा तो पहिलाच प्रयोग. लोकांनी निदर्शने केली, बिलांवरून भांडणे झाली, अजूनही होतात. पण काही वर्षांतच मीटर बदलले गेले, तारा बदलल्या गेल्या, आणि हिशेबाबाहेरची वीज मोठ्या प्रमाणात हिशेबात आली. ज्या गल्लीत हातगाडी वळत नाही त्या गल्लीतल्या शेडचाही आता ग्राहक क्रमांक आहे, मंजूर भार किती अश्वशक्तीचा हे ठाऊक आहे, आणि दर महिन्याला एक माणूस तेथे जाऊन आकडा टिपून येतो. मागांची यादी करायला निघालेल्या कोणाही सुरक्षा अधिकाऱ्याला ती नव्याने करण्याची गरज नाही. विजेच्या बिलांच्या नोंदीत ती तयार आहे, आणि तिच्यात चारची सूट नाही, नऊची नाही, एकोणिसाचीही नाही.